अण्णा, ती सही तुम्ही केली नव्हती

अण्णा,

तीन दिवसांपूर्वी तुमचा दहावा झाला. निघोज्याच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गावकरी होतेच, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं होती, आणि रात्रपाळी संपवून थेट आलेली आपल्या कंपनीच्या लाइनवरची पोरं युनिफॉर्मवरच मागे उभी होती. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, आणि मग आपले क्वालिटीचे साहेब उठले. तुमच्याबद्दल चांगलंच बोलले ते. शेवटी म्हणाले, "माणूस म्हटला की एखादी नजरचूक व्हायचीच. अण्णांच्या हातूनही एकदा झाली. पण कंपनीने ती कधी मनात ठेवली नाही." एवढं बोलून त्यांनी मोठ्या मनाने सगळ्यांकडे पाहिलं आणि माईक माझ्यापुढे धरला. "मॅडम, तुमचं आणि अण्णांचं टेबल शेजारी होतं. दोन शब्द बोला."

मी माईक घेतला. समोर बायकांमध्ये काकू बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. मी म्हणाले, "अण्णा आम्हाला वडिलांसारखे होते. त्यांच्या आत्म्याला शांती लाभो." झालं. कुणाच्याही दहाव्याला चालतील अशी दोन वाक्यं, नाव तेवढं बदलायचं. माईक पुढच्या माणसाकडे देऊन मी खाली बसले.

ती नजरचूक तुमची नव्हती, अण्णा. माझी होती. आणि तिला नजरचूक म्हणणं हीसुद्धा माझी लबाडीच आहे. तुम्हाला ते माहीत होतं, मला माहीत होतं. तरी तुमच्याच घाटावर, तुमच्याच माणसांसमोर तुमच्यावरचा आळ मी कानांनी ऐकला आणि तोंड शिवून बसले.

मी लातूरहून आले तेव्हा मला वाटायचं, कॉम्प्युटरवर केलेलं काम म्हणजेच काम. आपल्या कंपनीत प्रत्येक मशीनवर प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद लटकतो: कुठला पार्ट, कुठलं टूल, कुठला बोल्ट किती ताकदीने आवळायचा. ऑफिसमध्ये त्याला वर्क इन्स्ट्रक्शन म्हणतात. तुम्ही आणि सगळी लाइन त्याला नुसतं 'कागद' म्हणत होता. त्याच्या तळाशी तीन चौकोन असतात: तयार केले, तपासले, मंजूर. तयार करायचे मी, तपासायचात तुम्ही, मंजूर करायचे साहेब. पहिल्याच आठवड्यात मी केलेला एक कागद तुम्ही हातात घेतलात आणि चालायला लागलात. मी म्हटलं, "कुठे निघालात अण्णा? सही तर इथेच करायची आहे."

"चल की मागनं," तुम्ही म्हणालात. "कागद टेबलावर तपासत नसत्यात."

आपण दत्ताच्या मशीनपुढे गेलो. दत्ता बीडकडचा, तेव्हा नुकताच पर्मनंट झालेला. तुम्ही त्याच्या शेजारी उभं राहून मोठ्याने वाचायला लागलात. माझ्या कागदावर लिहिलं होतं, टूल डाव्या रॅकमधून घ्यावे. तुम्ही चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलंत. "दत्ता, तुझ्या डाव्या हाताला काय हाय रं?"

"भिंत हाय, अण्णा."

रॅक कधीच उजवीकडे हलवला होता. मी जुन्या कागदावरून नवा कागद केला होता, मशीन पाहिलंच नव्हतं. सगळी लाइन हसली आणि मी लाल झाले. परत येताना तुम्ही म्हणालात, "रागावू नगं मॅडम. भिंतीतनं टूल काढायला सांगितलं असतं तर त्यानं बी काढलं असतं, एवढा गुणी पोरगा हाय." त्या दिवसानंतर कधीतरी 'मॅडम'ची 'पोरी' झाली. कधी झाली ते मला कळलं नाही, पण मला ते फार आवडलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मला तुमच्या संथपणाचा रागही यायचा, तेही सांगून टाकते. एक कागद घेऊन तुम्ही तीन तीन मशीनं फिरायचात. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला मराठीत सांगायचात, ज्याला मराठी येत नाही त्याला तुमच्या त्या अगाध हिंदीत. "पहले ये कसनेका, फिर वो कसनेका, और दोन्हीके बीचमें चहा पीनेका न्हाई." मी घड्याळ बघत बसायचे. चाकण चौकातली पाटी वाचली नाहीस का, म्हणायचात, अति घाई संकटात नेई. मी म्हणायचे, ती पाटी वाचायलाच लोक तिथे ट्रॅफिकमध्ये थांबतात, अण्णा.

माझी ती स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा तो छोटा प्रोग्रॅम, मी लिहिली तुमच्यासाठीच, हे तर खरं आहे ना? तुम्ही लाइनवरच्या सगळ्यांना टूल हाताळायचं प्रशिक्षण दिलं होतं आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यायचं होतं. मजकूर सगळीकडे एकच, नाव, टोकन नंबर आणि खातं तेवढं वेगळं. आधी एकेक फाइल उघडून नाव बदलायचं, सेव्ह करायचं, पुढची उघडायची, असं चालायचं. मी एक नमुना केला, जिथे नाव यायचं तिथे कंसात खूण ठेवली, शेजारी एक्सेलमध्ये यादी केली, आणि दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. तो यादीतली एक ओळ उचलणार, नमुन्यातल्या खुणा पुसून तिथे खरी नावं भरणार, फाइल ठेवून देणार आणि पुढची ओळ घेणार. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभं राहून पाहत होता.

"सगळी किती येळात व्हत्यात?"

"चहा होईपर्यंत."

"आन वाचती कवा ती?"

"कोण?"

"तुजी ती मशीन. भरती तर खरी. वाचती कवा?"

"तिला वाचायची गरज नसते, अण्णा. यादी बरोबर असली की सगळं बरोबर."

"आन यादी कोन वाचतं?"

मी हसले. म्हटलं, तुम्ही आहात की. आपला हा वाद तेव्हा अर्धा राहिला, नंतरही कधी पुरा झाला नाही. मी हरले आहे, एवढं मात्र आता लिहून देते.

प्रमाणपत्रांवर तुमची सही हवी होती. इतक्या सह्या करून हात मोडेल म्हणून मीच सुचवलं, एकदा कोऱ्या कागदावर करा, मी तिचा फोटो करून घेते, स्क्रिप्ट सगळीकडे लावेल. तुम्ही बराच वेळ पेन हातात धरून बसलात. मग सही केलीत आणि कागद माझ्याकडे देताना म्हणालात, "हे एवढ्यापुरतंच हां, पोरी. ह्या समद्यांना मी सवता शिकवलंय, म्हनून देतो."

त्या स्क्रिप्टला महिन्याच्या सर्वोत्तम सुधारणेचं बक्षीस मिळालं. बोर्डावर माझा फोटो लागला. सगळ्यात जोरात टाळ्या तुम्ही वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शेतातून हरभऱ्याचे डहाळे घेऊन आलात आणि माझ्या टेबलावर टाकून म्हणालात, "ह्ये तुज्या मशीनला. खात आसंल तर."

मग आपल्या गिऱ्हाईक कंपनीने फर्मान काढलं: सगळ्या कागदांची मांडणी बदला, त्यांचं नवं चिन्ह आणि नवे कोड घाला, ऑडिट सोमवारी. साडेतीनशेच्या वर कागद. सगळ्यांचे चेहरे उतरले, माझा नाही. माझ्याकडे स्क्रिप्ट होती ना. मी यादी करायला घेतली, तुम्ही शेजारी बसून आकडे सांगत होता. लाइनवरच्या एका स्टेशनवर बोल्ट आवळायची नवी गन आली होती, तिची ट्रायल चालू होती. तिथे तुम्ही थांबलात. "इथला आकडा मोकळा ठेव. ट्रायल झाल्याबिगर टाकू नगं." मी तो रकाना मोकळा ठेवला. इतकं इमानदारीने केलं मी.

शुक्रवारी तुम्ही रजेवर गेलात. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन पिंपरीला होतं, तुम्ही शुक्रवार-शनिवार त्यांच्याजवळ राहणार होता. शनिवारी दुपारी स्क्रिप्ट चालवली. चहा होईपर्यंत सगळे कागद तयार. साहेबांनी विचारलं, "अण्णांच्या सह्या?" मी म्हणाले, "होतील, सर."

तुम्हाला फोन करता आला असता. साहेबांना सांगता आलं असतं की तपासणारा रजेवर आहे, ऑडिटमध्ये तसं स्पष्ट सांगू. मी काय केलं? स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली. 'तपासले'च्या चौकोनात त्या सहीचं चित्र लाव. टाइप करायला अर्धं मिनिट लागलं नसेल. अण्णा परत आले की दाखवू, असं स्वतःशी म्हणाले. आपण स्वतःला किती सहज गंडवतो, नाही?

आणि त्या मोकळ्या रकान्याचं काय झालं तेही सांगते, कारण ते तुम्हाला कुणी कधी समजावून सांगितलं नाही. मी स्क्रिप्ट अशी लिहिली होती की प्रत्येक ओळीतला आकडा ती हातात घ्यायची आणि नमुन्यात टाकायची. पण रकाना रिकामा दिसला की ती नवा आकडा घ्यायची नाही, आणि हातातला जुना आकडा खाली ठेवायचं मी तिला शिकवलंच नव्हतं. एका भाजीचा चमचा न धुता तसाच दुसऱ्या भाजीत घालावा, तसं झालं. वरच्या ओळीतल्या मोठ्या बोल्टचा आकडा तुम्ही मोकळ्या ठेवायला सांगितलेल्या जागी जाऊन बसला. खाली तुमची सही.

ऑडिट छान झालं. पेढे वाटले. सोमवारी काकूंना पट्टी सोडायला नेऊन तुम्ही मंगळवारी आलात, पहिल्यांदा लाइनवर गेलात, आणि तसेच माझ्या टेबलाशी आलात. लांबून पाकिटांमधले नवे कागद पाहिले होते, चष्मा टेबलावरच राहिला होता. "पोरी, नवे कागद लागले व्हय? माझ्याकडं तर आले न्हाईत."

"ऑडिटची घाई होती, अण्णा. तुमच्यासाठी एक संच काढून ठेवते. उद्या देते."

"बरं," म्हणालात तुम्ही. विश्वासाने बरं म्हणालात. मी बुधवारी दिला नाही. गुरुवारीही दिला नाही. तुम्ही रागवाल म्हणून नाही. तुम्ही ते सगळे कागद घेऊन मशीनमशीन फिराल, चार चुका काढाल, आणि बोर्डावरच्या माझ्या फोटोकडे लोक वेगळ्या नजरेने बघतील, म्हणून. शुक्रवारी गिऱ्हाईकाचा फोन आला. त्या स्टेशनचे बोल्ट जास्त आवळले गेले होते, आटे गेले होते, पूर्ण लॉट परत येणार होता.

ती मीटिंग विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. आपल्याकडे अशा वेळी पाचदा 'का' विचारायची पद्धत आहे. पहिल्या उत्तराला का, दुसऱ्याला का, असं पाचव्यापर्यंत गेलं की चूक मुळात कुठे झाली ते सापडतं म्हणतात. फळ्यावर लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं. आटे का गेले? बोल्ट जास्त आवळला. जास्त का आवळला? कागदावर आकडा चुकीचा होता. चुकीचा आकडा असलेला कागद लाइनवर का गेला? साहेबांनी तो कागद वर धरला आणि म्हणाले, "तपासणाऱ्याने न वाचता सही केली."

मार्कर माझ्या हातात होता, अण्णा. मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं.

तुम्ही कागद मागून घेतलात. चष्मा लावलात. वरपासून खालपर्यंत वाचलात, आयुष्यभर वाचत आलात तसे. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही नुसती वाट पाहत होता, एखादा ऑपरेटर वाचताना अडला की पाहायचात तशी. मी फळ्याकडे तोंड केलं. साहेब म्हणाले, "अण्णा, काही बोलायचंय?"

"मला न्हाई बोलायचं काय, साहेब."

चौथा 'का' कुणी विचारला नाही. सोमवारी तुम्हाला मेमो मिळाला. तोही माझ्याच स्क्रिप्टने भरलेला, कारण तोवर एचआरने माझ्याकडून सगळ्या पत्रांचे नमुने करून घेतले होते. नाव, टोकन नंबर, खातं, कारण. पुढच्या आठवड्यात तुम्हाला तपासणीवरून काढून भंगार ठेवायच्या स्क्रॅप यार्डाच्या गेटवर बसवलं. आयुष्यात न वाचता एकाही कागदावर सही न केलेला माणूस, आणि कंपनीभर नाव झालं की अण्णा न वाचता सही करतात.

मीटिंग झाली त्याच संध्याकाळी मी स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता रकाना रिकामा दिसला की ती थांबते आणि विचारते. चार ओळींचं काम होतं. तुमचं काही दुरुस्त केलं नाही.

आठ महिने गेले. तुमची जेवणाची वेळ टाळून मी डबा खायला लागले. एकदा बसच्या रांगेत गाठ पडलीच. मी म्हटलं, "कसे आहात, अण्णा?" तुम्ही म्हणालात, "बरं हाय, मॅडम." त्या एका शब्दाने मला रावेतपर्यंत बसमध्ये बाहेर बघत बसवलं. तरी दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले नाही. आज नको, ऑडिट आहे. आज नको, साहेब चिडलेत. पाप झाकून ठेवायला माणसाला कारणांचा तोटा नसतो.

तुम्ही गेल्याचं मला सकाळी कंपनीच्या बसमध्ये कळलं. अंगणात तोंड धुताना छातीत कळ आली आणि तिथेच बसलात म्हणे. बसमध्ये सगळे हळहळत होते. मी तुम्हाला खरं सांगते, कारण आता तुमच्याशी खोटं बोलून मला काही मिळायचं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की आता कुणाला कळणार नाही. क्षणभरच आलं, पण आलं. रडू त्याच्यानंतर आलं, आणि ते तुमच्यासाठी किती होतं आणि स्वतःची घाण वाटून किती होतं, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. अंगणातल्या भाडेकरूंच्या खोल्यांपुढे वाळत घातलेल्या युनिफॉर्मांमधून वाट काढत. काकू एकट्याच ओट्यावर गहू निवडत होत्या. मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. सहीचं, यादीचं, फळ्याचं. त्यांचा हात थांबला नाही.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "शुक्रवार-शनिवार माझ्या उशाला बसलेले व्हते ते. डोळ्याला पट्टी व्हती तरी मला कळत व्हतं. सही कवा करनार?"

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत, काकू?"

"मी निघाले व्हते साहेबाकडं. त्यांनीच आडवलं. म्हनले, मी सांगितलं तर ती चुगली व्हती. तिनं सांगितलं तर ती कबुली व्हती. तिला येऊ दे." त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "पयल्यांदा रोज घरी आले की म्हनायचे, आज बी न्हाई आली. मग म्हनायचे बंद झाले."

मी रडायला लागले. काकूंनी मला जवळ घेतलं नाही, आणि का घ्यावं? थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्याफुडं रडून काय? मला सांगाया लागत न्हाई. त्यांचं नाव लायनीवर गेलंय. तितं जाऊन सांग."

काल सकाळी आधी साहेबांकडे गेले. ते ऐकत राहिले. मग चिडले, मग त्यांनी तो जुना रिपोर्ट काढला. म्हणाले, "चौथा 'का' मी विचारायला हवा होता. त्या दिवशी मला रिपोर्ट पाठवायची घाई होती." मग म्हणाले, रिपोर्ट आता गिऱ्हाईकाकडे बंद झाला, तो उघडता येणार नाही, पण मेमो मागे घेऊ. एचआरला फोन लावला. तिथल्या मुलीने विचारलं, त्याचा नमुना आहे का? नव्हता. नोकरीवर घेतल्याचा होता, बढतीचा होता, ताकीद दिल्याचा होता, पण ताकीद मागे घेतल्याचा नव्हता. मी कधी केलाच नव्हता. मग ते पत्र मी हाताने लिहिलं. तुमचं नाव, तुमचा टोकन नंबर, आणि कारण. 'कारण' लिहायला मला दोन तास लागले. तीनदा फाडलं. शेवटी सरळ लिहिलं की सही त्यांनी केलेली नव्हती, मी लावली होती, आणि आकडाही माझ्याच कामामुळे चुकला होता. मला मेमो मिळाला आहे. तो माझ्याच नमुन्यातला आहे. बोर्डावरचा फोटो मीच काढून आणला.

दुपारी दुसऱ्या शिफ्टच्या सुरुवातीला लाइनवर पाच मिनिटांची मीटिंग असते ना, तिथे साहेबांना विचारून मी पुढे झाले. कसंबसं सगळं सांगितलं. संपल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, धक्का बसला असेल. मग दत्ता हळूच म्हणाला, "म्हाईत होतं, मॅडम."

"काय माहीत होतं?"

"अण्णा त्या येळंला कुणाच्याच मशीनपुढं आले नव्हते. कागद लागला, खाली त्यांची सही, आन अण्णाच न्हाईत. ते वाचल्याबिगर सही करत नसतेत. आमाला तवाच कळलं, ही सही दुसऱ्यानं केली म्हनून."

"मग तुम्ही कुणी बोलला का नाहीत?"

"निघालो होतो की आमी दहा-बारा जण साहेबाकडं. अण्णांनी हात धरला. म्हनले, तिचं तिला बोलू द्या. आमी वाट बघत ऱ्हायलो." त्याने हातमोजे चढवले. "परवा घाटावर बी बघत होतो."

म्हणजे तुमचं नाव या लाइनवर एक दिवसही गेलं नव्हतं, अण्णा. साहेबांच्या रिपोर्टात गेलं होतं, ऑफिसात गेलं होतं. इथे नव्हतं. इथे ज्यांना तुम्ही शेजारी उभं राहून वाचून दाखवलं, त्यांनी तुमच्या सहीवर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवला. आठ महिने मी रोज त्यांच्यामधून मान वर करून चालत होते आणि ते मला 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणत होते.

भोंगा झाला. सगळे आपापल्या मशीनला लागले. मी ऑफिसकडे वळले नाही. मागच्या दाराने बाहेर पडले आणि स्क्रॅप यार्डाकडे चालायला लागले. तुम्हाला तिथे बसवल्यापासून मी त्या बाजूला एकदाही फिरकले नव्हते. लांब आहे, ऊन आहे, हातातलं काम सोडून कुठे जाणार, असं मनाला सांगत आले होते. कंपाउंडच्या कडेने गेले, कॅन्टीन मागे टाकलं, वजनकाटा ओलांडला. गेटवरच्या तुमच्या खुर्चीत आता दुसरंच कुणी बसलं होतं. त्याने उठून विचारलं, "कोण पाहिजे, मॅडम?"

मी कुणी नाही म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. चार मिनिटं लागली होती, अण्णा.